खुलासा: कमाटीबागेतला सांगाडा डायनासोरचा नाही

मंडळी, ‘कमाटीबागेच्या म्युझियममध्ये अख्खा डायनासोर, सुट्टीत मुलांना दाखवाच’ हा मेसेज बडोद्यातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्याची सुरुवात माझ्याच पोस्टपासून झाली. गेल्या महिन्यात आपल्या सहकुटुंब भेटीचे फोटो टाकताना मी खाली तसं लिहिलं होतं. चूक माझी, मनापासून क्षमा मागते.

तो सांगाडा निळ्या देवमाशाचा आहे. परवा पुन्हा जाऊन तिथली पाटी नीट वाचली. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा सुमारे ७२ फूट लांब आहे. मुलांना त्याचे वल्ह्यासारखे पुढचे पर जरूर दाखवा: आत आपल्या हातासारखी बोटांची हाडं असतात, कारण तो मासा नव्हे, सस्तन प्राणी. जबड्यात दात का नाहीत, हेही विचारू द्या. माझी भाची त्या बोटांपाशी कितीतरी वेळ रेंगाळली होती!

डायनासोर बघायचे तर महीसागर जिल्ह्यात बालासिनोरजवळच्या रैयोलीला जावं लागेल. तिथे जीवाश्म उद्यान आणि २०१९पासून संग्रहालयही आहे. ‘राजासॉरस’ हे नाव २००३ साली मिळालेला डायनासोर त्याच भागातला. बहुधा दोन्हीकडे ‘मही’ आल्याने माझा गोंधळ झाला.

जुनी पोस्ट काढून टाकली आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.