कडेचा कागद फाडू नका

जर्मन वसाहतींची तिकिटं जमवायची आहेत? मग पहिला नियम पाळा: तिकिटाकडे बघू नका. बघण्यासारखं आहे काय त्यावर? टोगो घ्या, सामोआ घ्या, चीनमधलं किआउचौ घ्या, 1900 पासून सगळीकडे कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, तीच ‘होहेनझोलर्न’ बोट. नाव तेवढं बदलायचं. बघायचा तो भोवतालचा कोरा कागद.

फेनिगची, म्हणजे कमी किमतीची, तिकिटं शंभरच्या शीटमध्ये छापायचे, मार्कची मोठी वीसच्या. नंतरच्या शीटवर खालच्या कडेला बर्लिनच्या सरकारी छापखान्याचा कामाचा नंबर असतो: आधी ‘एच’, मग एक आकडा, टिंब आणि वर्षाचे दोन अंक. छापखान्याला आपल्या कामांचा हिशेब लागावा, एवढाच त्याचा उपयोग. तुम्ही मात्र भिंग लावून तो असा वाचा, जणू जमिनीचा सातबाराच हाती आलाय. नंबर अर्धवट कापला असेल तर दीर्घ उसासा टाका. घरच्यांना कारण सांगत बसू नका, त्यांची कुवत नाही.

जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, विंडहुकमध्ये कुणी तिकीट फाडून पत्राला चिकटवलं आणि कडेची पट्टी फेकून दिली, त्याला कधीही माफ करू नका. पत्र पाठवायचं होतं म्हणे!

इतिहास अगदीच टाळता येत नाही, पण बेताने घ्या. 1904 मध्ये जर्मन जनरल फॉन ट्रोथाने तिथल्याच हेरेरो लोकांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकललं, पाणवठे अडवले, दिसेल त्या हेरेरोला गोळी घालायचा हुकूम काढला. वाईटच झालं. पण तुमच्यासारख्या अभ्यासकाचा प्रश्न वेगळा हवा: तिकिटाच्या कागदात शंकरपाळ्यांचं जलचिन्ह आहे की नाही? ते येऊ लागलं 1905 पासून, म्हणजे हुकूम निघाला तेव्हाची तिकिटं बिनचिन्हाची. नोंद करा आणि पुढचं पान उलटा.

पूर्व आफ्रिकेच्या तिकिटांवर रुपये दिसले तर चक्रावू नका. त्या किनाऱ्यावर आपल्याकडचाच रुपया चालायचा, म्हणून जर्मनांनीही रुपयाच ठेवला. आधी 64 पेसांचा, 1905 पासून 100 हेलरचा. त्याच वर्षी तिथे जर्मन राजवटीविरुद्ध माजी-माजीचा उठाव पेटला. तुम्ही हेलर मोजा.

सगळ्यात निर्मळ तिकिटं युद्धकाळातली. ऑगस्ट 1914 मध्ये टोगो हातचं गेलं, सामोआ गेलं, नोव्हेंबरात किआउचौ. छपाई मात्र चालूच! वसाहतीत कधी न पोचलेली ही तिकिटं बर्लिनमध्ये संग्राहकांना विकली जात होती. ना टपाल, ना शिक्का, ना घामाचा डाग, ना कुणाची थुंकी. एकच अडचण: त्यांवर खऱ्या वापराचा शिक्का कुणी दाखवला, तर पाकीट खिशातच ठेवा. बाकी कडा शाबूत असेल आणि नंबर पूर्ण असेल, तर किंमत विचारायच्या आधी चेहरा पाडून ठेवा, म्हणजे विक्रेता फार चढणार नाही.