ब्रॉडवेचा तिरका रस्ता आणि मॅनहॅटनची कोंडी

काटकोनात आखलेल्या शहरात चार चौक पूर्वेला आणि चार चौक उत्तरेला जायचे असेल, तर अंतर जराही न वाढवता जाण्याचे ७० मार्ग निघतात. त्यांपैकी एकाच वळणात पोहोचवणारे मार्ग मात्र फक्त दोन असतात. वळण टाळण्याकडे आपला स्वाभाविक ओढा असल्यामुळे गर्दी त्या दोन मार्गांवर होते आणि बाकीच्या रस्त्यांवर जागा असूनही ती कामी येत नाही.

ब्रिटिश वाहतूकतज्ज्ञ वॉर्डरॉप यांनी १९५२ मध्येच मांडले होते की, प्रत्येकाने केवळ स्वतःचा वेळ वाचवत मार्ग निवडला, तर वापरातल्या सगळ्या मार्गांना अखेर सारखाच वेळ लागू लागतो. पण त्यामुळे शहराचा एकूण वेळ कमीत कमी होतोच असे नाही. मी रांगेत शिरल्यावर मागच्यांना होणारा उशीर माझ्या हिशेबात नसतो, हे त्याचे कारण. म्हणूनच मार्गाची निवड ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे मला मान्य नाही.

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातला ब्रॉडवे हा रस्ता, तिथले रस्ते काटकोनात आखणाऱ्या १८११ च्या चौकटी आराखड्याहून जुना आहे आणि तो ती चौकट तिरका कापत जातो. जवळची वाट म्हणून तो मोहात पाडतो; पण जिथे तो एखाद्या उत्तर-दक्षिण अ‍ॅव्हेन्यूला आणि आडव्या रस्त्याला एकाच ठिकाणी छेदतो, तिथे सिग्नलचा वेळ दोनाऐवजी तीन रस्त्यांत वाटावा लागतो. २००९ मध्ये शहराने टाइम्स स्क्वेअर आणि हेरल्ड स्क्वेअर येथे तो गाड्यांसाठी बंद केला. त्यानंतर टॅक्सींच्या जीपीएस नोंदींत मिडटाउनच्या, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या भागाच्या, पश्चिम बाजूतून उत्तरेकडे जाणाऱ्या फेऱ्या १७ टक्क्यांनी वेगवान झालेल्या दिसल्या. पूर्व मिडटाउनमध्येही ८ टक्के सुधारणा होती आणि पश्चिमेत दक्षिणेकडच्या फेऱ्या २ टक्क्यांनी मंदावल्या, त्यामुळे सगळे श्रेय या एका बदलाला देता येणार नाही. तरीही, रस्ता बंद केला की कोंडी वाढणारच, ही आपली ठाम समजूत तिथे खरी ठरली नाही. त्या भागात जखमी होणाऱ्या पादचाऱ्यांची संख्याही ३५ टक्क्यांनी घटली, आणि माझ्या लेखी हा आकडा वेगाच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या साठाव्या रस्त्यापासून दक्षिणेकडील भागात येणाऱ्या मोटारींना दिवसा ९ डॉलर भरावे लागतात. मात्र मॅनहॅटनच्या दोन्ही काठांवरचे एफडीआर ड्राइव्ह आणि वेस्ट साइड हायवे हे रस्ते या शुल्कातून वगळले आहेत. मला ही तरतूद फार योग्य वाटते, कारण ज्याला मिडटाउनमध्ये थांबायचेच नाही, त्याच्यासाठी काठाने जाणे आता स्वस्तही पडते.