शाळा सुरक्षित कशी ठेवावी : नव्या मुख्याध्यापकांसाठी काही सूचना

नाशिकमधल्या कॉलेज रोडच्या आसपासच्या एखाद्या अनुदानित प्राथमिक शाळेचे तुम्ही नुकतेच मुख्याध्यापक झालात, असं धरून चालतो. अभिनंदन. शाल-श्रीफळ आटोपलं असेल, तर आता कामाचं बोलू. येत्या आठवड्यात परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख येतील आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणतील, "बालसुरक्षेची फाइल काढा बरं." मुलांना बोलवा, असं ते म्हणणार नाहीत. त्यामुळे घाबरू नका. फाइल तयार झाली की मुलं आपोआप सुरक्षित होतात, अशी आपल्याकडची रीत आहे.

फाइलीत समित्या लागतात. शिक्षण हक्क कायद्याने सांगितलेली शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात 75 टक्के पालक हवेत. 2011 च्या स्कूलबस नियमांतून आलेली परिवहन समिती. 2022 ची सखी सावित्री समिती. 2024 ची विद्यार्थी सुरक्षा समिती. यादी पाहून दचकू नका, माणसं तीच असतात. दोन बाई, एक डॉक्टर पालक, एक नगरसेवकांचा माणूस आणि तुम्ही. सभांची इतिवृत्तं मार्च महिन्यात एका दुपारी बसून जूनपासूनची लिहून काढावीत. हे काम मात्र बेफिकिरीने करू नये. अशी एक वही मी जवळून पाहिली आहे. सगळ्या सभांना एकच निळी शाई, प्रत्येक ठरावाखाली "सर्वानुमते मंजूर", अध्यक्षांच्या सहीवर चहाच्या कपाचा तपकिरी गोल, आणि दिवाळीच्या सुट्टीत झालेल्या सभेलासुद्धा शंभर टक्के हजेरी. निदान पेनं तरी वेगवेगळी वापरा.

मग कॅमेरे. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि 20 ऑगस्ट 2024 रोजी संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शासन निर्णय निघाला : महिनाभरात सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पूर्वतपासणी, समित्या. लोकल थांबल्याशिवाय मंत्रालयापर्यंत लेकराचा आवाज पोहोचत नाही, हा आपला भूगोल आहे, त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही कॅमेरे बसवा. कुठे बसवायचे हे कळायला फार अक्कल लागत नाही. एक फाटकावर, म्हणजे पालक किती वाजता भांडायला आले ते कळतं. दुसरा शिक्षक खोलीत, म्हणजे कोणत्या बाई डबा खाताना वेळ काढतात ते कळतं. तिसरा जिन्यात, स्वच्छतागृहाकडे वळणाऱ्या बोळाच्या अगदी अलीकडे. त्या बोळात दिवा नाही. तो बसवायचा प्रस्ताव गेल्या वर्षीच मंजूर झाला आहे. सर्वानुमते. हार्ड डिस्क मधूनमधून भरते, तेव्हा काळजी करू नका. केंद्रप्रमुख कॅमेरे मोजतात, चित्रण पाहत नाहीत.

तक्रार पेटी ही मात्र कलाकृती आहे आणि तिच्याकडे जरा निवांत पाहायला हवं. लाल रंग, पांढरी अक्षरं, पितळी कुलूप. ती तुमच्या केबिनच्या दारालगत, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर लावावी. पहिलीतलं मूल टाचा उंचावूनही फटीपर्यंत पोहोचत नाही. चौथीतलं पोहोचतं, पण चिठ्ठी टाकताना त्याला तुम्ही दिसता आणि त्याला तुम्ही दिसलात की ते चिठ्ठी परत खिशात घालतं. किल्ली शिपाईमामांकडे असते आणि शिपाईमामा बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेलेले असतात. महिन्याभराने उघडाल तेव्हा आत चिक्कीचा कागद, एक खोडरबर आणि "बाई रोज मला मागे बसवतात" असं लिहिलेलं वहीचं फाटकं पान सापडेल. अशी चिठ्ठी "किरकोळ" या सदरात नोंदवावी. कोण का मागे बसतं, या फंदात पडू नये.

एखादं मूल खरंच काही गंभीर सांगून बसलं तर? तर आधी अंतर्गत चौकशी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा, 2012 काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. कलम 19 चौकशी करा म्हणत नाही, पोलिसांना कळवा म्हणतं. नुसती शंका आली तरी कळवा म्हणतं. आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थेच्या प्रमुखाने दडपलं तर कलम 21 खाली वर्षभरापर्यंत कैद आहे. पण कायदा लिहिणाऱ्यांनी तुमचं संचालक मंडळ पाहिलेलं नाही. ते म्हणणार, "सर, शाळेच्या नावाचा प्रश्न आहे." मग आईला बोलावून "मुलं टीव्हीवर काहीबाही बघतात हो" असं म्हणायचं, मुलीला सगळ्यांसमोर तीच गोष्ट चारदा सांगायला लावायची आणि पाचव्यांदा तिने वेगळा शब्द वापरला की प्रकरण मिटलं. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर असायलाच हवा, आणि असतोही, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे.

आता नाजूक विषय : कट्टरता. लहान मुलांची माथी कोणी भडकवू नये म्हणून शाळेने काय करावं? कॉलेज रोडवरच्या पालकांना विचारलंत, तर ते जुन्या नाशकाकडे बोट करतात. तिथल्या भद्रकालीत विचारलंत, तर लोक मालेगावकडे. मालेगावात जाऊन विचारायला कोणाला वेळ नाही. म्हणजे तुमच्या शाळेत हा प्रश्नच नाही, हे बिनखर्चाने सिद्ध झालं.

तरी समजा, मधल्या सुट्टीत चौथीतला एक मुलगा आपला डबा बाजूला ओढून घेतो आणि शेजारच्याला म्हणतो, "तुझ्यातलं नको. तुम्ही लोक थुंकता त्यात." नऊ वर्षांचं पोर असलं वाक्य स्वतः रचत नाही, ते त्याला आयतं मिळालेलं असतं. कुठून मिळालं हे मात्र विचारू नका. "पप्पांच्या ग्रुपवर आलं होतं" असं उत्तर येईल, आणि त्या ग्रुपवर तुमचे दोन शिक्षक असतील. सकाळच्या सुविचारासोबत तुम्हीही ते पुढे ढकललं असेल. उपाय सोपा आहे : जागा बदला. बोलणाऱ्याची नाही, ज्याच्या डब्याबद्दल बोललं गेलं त्याची. तो भांडत नाही, त्याचे वडील देणगीदार नाहीत, आणि मागचा बाक रिकामाच आहे. दुसऱ्या दिवसापासून तो डबा आणत नाही. खिचडीच्या नोंदीत एक ताट वाढतं, तेवढं लिहून ठेवा.

2023 साली उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एकेक करून उठवलं आणि एका मुस्लिम मुलाला थप्पड मारायला लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने मार खाणाऱ्याबरोबर मारणाऱ्या मुलांचंही समुपदेशन करा, असं सांगितलं. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं होत नाही. बरोबर आहे, आपल्याकडे पद्धतशीर गॅदरिंग होतं. कालिदास कलामंदिराची तारीख मिळालेली असते, देशभक्तीपर नाटुकलं बसवायचं असतं. सैनिक व्हायला अर्धा वर्ग तयार. दहशतवादी कोण होणार? बाईंना फार विचार करावा लागत नाही. हजेरीपटावरून एकदा बोट फिरवलं की नाव सापडतं. "अरे, हो ना तू, तुला शोभेल." पोरगं खुश होऊन होतं. त्यालाही स्टेजवर जायचं असतं. शेवटी त्याला प्लास्टिकच्या बंदुकीने मारलं की टाळ्या पडतात. त्याची आई बाराव्या रांगेत बसलेली असते, आणि तीही टाळ्या वाजवते, कारण शेजारच्या सगळ्या वाजवत असतात.

याच कार्यक्रमात दुसरीतली चिमुरडी कंबरेला तलवार लावून, डोळे मोठे करून, शत्रूच्या रक्ताच्या चिळकांड्यांचं भाषण ठोकते. पाठांतर तिच्या मामाने करून घेतलेलं असतं. त्याचा व्हिडिओ शाळेच्या पेजवर टाकावा, मुलीच्या नाव-वर्ग-तुकडीसकट. रोज सकाळी परिपाठात तीच मुलगी "सारे भारतीय माझे बांधव आहेत" म्हणते, हात पुढे करून. दोन्हींत विसंगती आहे असं तिला वाटत नाही. तिला दोन्हींचा अर्थ कोणी सांगितलेला नाही, ही तुमची दूरदृष्टी.

परिसर भेटीला मुलांना पंचवटीत न्यावं. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम मंदिर, मग गोदाघाटावर डबा. काळारामाच्या दारात जोडीने उभं करून फोटो काढावा, लोकेशनसकट, कारण तो लिंकवर भरायचा असतो. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरात शिरण्यासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला, हे सांगायला वेळ उरू देऊ नये. उगाच एखादं कार्टं विचारायचं, "सर, आत का जाऊ देत नव्हते?" आणि मग तुम्हाला, माणसाला माणूस बाहेर कसा ठेवतो, हे नऊ वर्षांच्या मुलाला कळेल अशा मराठीत सांगावं लागेल. असलं प्रशिक्षण बीएडला, डीएडला कुठेच मिळत नाही.

परदेशात काय करतात, असं प्रशिक्षणात कोणी विचारलं तर हे सांगा. ब्रिटनने 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने शाळांवर, अगदी बालवाड्यांवरही, मुलांना अतिरेकी विचारांपासून वाचवण्याची जबाबदारी टाकली. तिथल्या शाळेत बालसंरक्षणासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असते आणि शंका आली तर ती पुढे कळवायची असते. हेतू चांगला, पण मोठी माणसं घाबरली की लहानांचं ऐकायचं थांबतात, हा अनुभव तिकडेही आला. 2016 मध्ये ल्युटनमधली बातमी गाजली. चार वर्षांच्या मुलाने वडील काकडी कापतायत असं चित्र काढलं होतं. बोबड्या उच्चारातली काकडी, म्हणजे इंग्रजीतली 'क्यूकंबर', बालवाडीतल्या बाईंना कुकर बॉम्ब ऐकू आली आणि पोराला थेट कट्टरतामुक्तीच्या कार्यक्रमाकडे पाठवायच्या गोष्टी सुरू झाल्या. आपल्याकडे हा धोका नाही. आपण मुलांची चित्रं बघतच नाही; त्यांवर लाल शाईने "छान" लिहितो. ब्रिटनकडून घ्यायचंच असेल तर ती जबाबदार व्यक्ती घ्या, आणि ते पद क्रीडाशिक्षकांना द्या. त्यांचा तास तसाही गणिताच्या बाई घेतात.

रिक्षा आणि व्हॅनबद्दल दोन ओळी पुरेत. गंगापूर रोडला सकाळी रिक्षातून बाहेर लोंबकळणारी दप्तरं दिसतात, पोरं त्यांच्या आत असतात. फाटकाबाहेरची जबाबदारी शाळेची नाही, असा फलक फाटकाच्या आतल्या बाजूला लावावा.

आणि एक शेवटची अडचण. दर वर्षी पालकसभेत एक आई उठते. ती मोठ्याने बोलत नाही, पण कागदावर लिहून आणते. "सर, पेटीची किल्ली कोणाकडे असते? मागच्या वेळी उघडली कधी? आत काय निघालं? बोळातला दिवा कधी लागणार?" तिला उडवून लावू नका, ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाईल. तिच्याशी वाद घालू नका, ती बरोबर आहे. टाळ्यांच्या गजरात तिची विद्यार्थी सुरक्षा समितीवर नियुक्ती जाहीर करा आणि तिथल्या तिथे तिच्या चार-पाच सह्या घेऊन ठेवा. पुढची सभा कधी, असं तिने विचारलं तर वही दाखवा. तिच्या उपस्थितीत पुढची सभा झालेली आहे.