टेपाचं दुसरं टोक

माझा 30 मीटरचा टेप अजून कुडाळजवळच्या एका वाडीत आहे. एजंटाला फोन केला की म्हणतो, "काकांकडे सुरक्षित आहे हो." सुरक्षित आहे हे मलाही ठाऊक आहे. दुखणं तेच आहे.

जुनं कौलारू घर, भोवती 32 गुंठे. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमचा अख्खा मित्रवर्ग कोकणात 'गुंतवणूक' करतोय. मग मीही निघालो. एजंटाने भाव गुंठ्यावर सांगितला. घराचे किती, तर म्हणे, "घराचे काय धरायचे? ते पाडायचंच ना." म्हणजे चिऱ्याच्या भिंती, फणसाचे खांब, ओटीवरचा झोपाळा यांची किंमत शून्य. आणि मागचा कातळ, जिथे गवतसुद्धा विचार करून उगवतं, तो गुंठ्याच्या भावाने!

टेपाचं दुसरं टोक धरायला शेजारच्या ओटीवरून एक काका आपणहून आले. इथेच मी फसलो.

रुंदी भरली 28 मीटर. "थांबा," म्हणत काका दोन पावलं माझ्याकडे सरकले. "गडगो हंय होतो. पावसात पडलो, मगे तेंनी थंय बांधल्यानी." गडगो म्हणजे हद्दीची दगडी भिंत. झाले 26. मग त्यांना आठवलं की माडाखालून त्यांची विहिरीवर जायची वाट आहे. 24. फणस तर त्यांच्या आज्याने लावलेला. 21.

"खंयचे तुमी?"

"ठाण्याचा."

"ता झाला. मूळचे खंयचे?"

"नागपूरचा."

यावर त्यांनी माझ्याकडे अतिशय कणवेने पाहिलं आणि आणखी पुढे आले. 18. तासाभरात हा माणूस माझ्या मांडीवर येऊन बसला असता.

"घेतल्यार रवाक येतल्यात?"

"नाही, गुंतवणूक म्हणून..."

"म्हणजे रवाचा नाय, कोणाक रवाक देवचा नाय. नुसता कुलूप घालूचा."

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर महाडला सुचलं, पण तेही फारसं बरं नव्हतं.

मग सातबारा निघाला. त्यावर 19 नावं. सहा जण मयत, एक मस्कतला. "टोकन द्या, सह्या होतील," एजंट म्हणाला. मयतांच्यासुद्धा? शिवाय शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं, आणि माझी सगळी शेती म्हणजे कुंडीतला एक कढीपत्ता. हे फोनवर सांगायला काय झालं होतं? 2011 पासून रुंद होत असलेल्या महामार्गावरून बारा तास कंबर मोडत मी हे ऐकायला आलो होतो!

निघताना टेप मागितला. काकांनी तो नीट गुंडाळला होता.

"ह्यो हंयच रवांदे. परत इल्यार गावतलो."

आणि त्यांनी तो ओटीवरच्या खुंटीला अडकवला. खुंटीवर आधीचे तीन होते. त्यातला एक 50 मीटरचा.