सतरा वेळा ‘बर्न’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. ईएसपी-३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर चिपचे बोर्ड गिऱ्हाईकाकडे जाण्याआधी कमांड लाइनवरून कसे कुलूपबंद करायचे, या माझ्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लाइनवरच्या मुलींपुढे काळी स्क्रीन ठेवली की चुका होणारच, इफ्यूज (चिपमधले एकदाच लिहिता येणारे बिट) जाळण्याआधी टूल जी खात्री करून घेतं ती मी स्क्रिप्टमधून काढली, हा निव्वळ निष्काळजीपणा, एन्क्रिप्शनची किल्ली लॅपटॉपवर पडून राहते, आणि शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला एवढा बंदोबस्त हवाच कशाला?

किल्लीचं आधी घेतो, कारण तिथं तुम्ही मला पकडलंत. लेखात मी किल्ली लॅपटॉपवर तयार करून एस्पइफ्यूज या टूलने चिपमध्ये जाळली होती आणि ती फाइल पुढं पुसायची, हे लिहिलंच नव्हतं. प्रत्यक्षात आम्ही आता तसं करतही नाही. फ्लॅश एन्क्रिप्शनची, म्हणजे बोर्डवरची मेमरी सांकेतिक करायची, किल्ली पहिल्या बूटच्या वेळी चिप स्वतःच तयार करते, स्वतःच्या इफ्यूजमध्ये जाळते आणि बाहेरून वाचायची वाट बंद करते. ती मलाही कळत नाही. फर्मवेअरवर (चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामवर) सही करायची खासगी किल्ली वेगळ्या मशीनवर असते. कारखान्यात येतो तो फक्त सार्वजनिक किल्लीचा डायजेस्ट, म्हणजे तिचा छोटा ठसा, आणि तो कुणी चोरला तरी काही बिघडत नाही. एक त्रास मात्र आहे. पहिल्या बूटला सगळी फ्लॅश एन्क्रिप्ट होताना मोठ्या पार्टिशनला मिनिटभर लागू शकतं, आणि नेमकी तेव्हा लाइट गेली तर आतला डेटा खराब होऊन फर्मवेअर पुन्हा भरावं लागतं. आमच्या भागात गुरुवारी लाइट जाते, म्हणून गुरुवारी हे काम ठेवत नाही.

आता खात्रीचं. तुम्हाला माहीत आहेच, पण इतर वाचकांसाठी सांगतो: इफ्यूजमधला बिट शून्याचा एक होतो, एकाचा शून्य पुन्हा कधीच होत नाही. म्हणून टूल थांबतं आणि मोठ्या अक्षरांत ‘बर्न’ टाइप करायला लावतं. कल्पना उत्तम. पहिल्या बोर्डला मीही हात आखडून, कमांड दोनदा वाचून टाइप केलं. पाचव्या बोर्डला बोटं आपोआप चालायला लागली. त्या दिवशी मी सतरा बोर्डांत चाचणीच्या किल्लीचा डायजेस्ट जाळला. फाइलचं नाव कमांडमध्ये डोळ्यांसमोर होतं, त्यात ‘टेस्ट’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि मी सतरा वेळा ‘बर्न’ लिहिलं. मुली नव्हत्या हो, मीच होतो, वीस वर्षांचा अनुभव घेऊन. नव्या एस३ किंवा सी३ चिपमध्ये तीन डायजेस्टना जागा असते, मूळ ईएसपी-३२ मध्ये एकालाच. म्हणजे परतीची वाट नाही. बोर्ड मेले नाहीत, चाचणीच्या किल्लीने सही केलेलं फर्मवेअर आजही बिनतक्रार चालवतात. त्यातला एक आमच्या टाकीची पातळी मोजतो. पण विकता एकही आला नाही.

म्हणून खात्री माणसाकडून काढून स्क्रिप्टकडे दिली. ती आधी चिपची रिव्हिजन बघते, कारण रिव्हिजन ३ च्या आधीच्या ईएसपी-३२ वर सिक्युअर बूटची (सही जुळली तरच फर्मवेअर चालवायच्या सोयीची) दुसरी आवृत्ती चालतच नाही. मग इफ्यूजची समरी वाचते, डायजेस्टचा ब्लॉक कोरा नसेल तर तिथंच थांबते. हातातला डायजेस्ट लॉटच्या नोंदीशी पडताळते. हे सगळं जमलं तरच न विचारता जाळते आणि बोर्डचा मॅक अॅड्रेस (त्याचा स्वतःचा क्रमांक) नोंदवते. स्क्रिप्टमध्ये काही बदललं की आधी आभासी चिपवर चालवायचं. एस्पइफ्यूजमध्ये ‘व्हर्ट’ हा पर्याय त्यासाठीच आहे, इफ्यूजची नक्कल एका फाइलमध्ये राहते आणि कितीही वेळा जाळली तरी पैसे जात नाहीत. लाइनवरच्या ताईंना काळी स्क्रीन दिसत नाही. बोर्ड जिगमध्ये (तो धरणाऱ्या साच्यात) बसवायचा, एक बटण दाबायचं, हिरवं किंवा लाल. तुम्ही सुचवलेलं विंडोजचं खिडकीवालं टूल वाईट नाही, पण त्यात आज कुणी कुठली टिक काढली, हे उद्या कळत नाही. स्क्रिप्टमधली ओळ कुणी बदलली ते गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) दिसतं.

राहिला पंप. बंदोबस्त नसलेला कुठलाही बोर्ड घ्या, यूएसबी लावा, एस्पटूलने फ्लॅश वाचा. चार मेगाबाइट चहा येईपर्यंत हातात. त्या फाइलमध्ये शेतकऱ्याच्या घरच्या वायफायचा पासवर्ड सरळ वाचता येतो, आणि सर्व्हरचा पासवर्ड सगळ्या बोर्डांत एकच ठेवला असेल तर तोही. एक पंप उघडला की तालुक्यातले सगळे पंप उघडले. (वायफायचा पासवर्ड एनव्हीएसमध्ये, म्हणजे फ्लॅशमधल्या सेटिंग्जच्या कप्प्यात, असतो, त्याचं एन्क्रिप्शन वेगळं तपासावं लागतं, हेही लेखात राहिलं होतं. तुम्ही पकडलं नाहीत, मीच सांगतो.) कुलूप अभेद्य आहे असा दावा नाही. २०१९ मध्ये लिमिटेडरिझल्ट्स या टोपणनावाच्या संशोधकाने व्होल्टेजला झटके देऊन जुन्या ईएसपी-३२ मधल्या वाचायला बंद केलेल्या किल्ल्या बाहेर काढून दाखवल्या होत्या. रिव्हिजन ३ मध्ये ते अवघड केलं गेलं. तरीही प्रत्येक बोर्डची किल्ली वेगळी ठेवायची ती याचसाठी: कुणी चिकाटीने एक फोडलाच, तर एकच फुटेल.

लेखातला किल्लीचा परिच्छेद आज बदललाय. जुना खोडून तिथंच ठेवलाय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. स्क्रिप्ट हवी असेल तर कळवा, पाठवतो.