‘दोन तास सांगून अर्ध्या तासात बाहेर काढलं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

अंदमान सहलीतल्या स्नॉर्कलिंगबद्दलचा (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघण्याबद्दलचा) तुमचा अभिप्राय रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. मास्कमध्ये पाणी शिरत होतं ही तक्रार खरी आहे. दोन मास्कचं रबर सैल झालं होतं आणि ते आधी तपासणं माझं काम होतं. मनापासून माफी मागतो. कासव दिसलं नाही याचं मलाही वाईट वाटलं, पण ते कुणाच्या हातात नसतं, बुकिंगच्या वेळीच मी तसं बोललो होतो.

मात्र "दोन तास सांगून अर्ध्या तासात बाहेर काढलं, सरळ फसवणूक" हे वाक्य फार लागलं. जळगावातून अकरा वर्षं सहली नेतोय, हा शब्द आजवर कुणी वापरला नव्हता.

अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, त्या दिवशी भरती सकाळी साडेसातच्या सुमारास होती. म्हणून आदल्या रात्री जेवताना मी दोनदा सांगितलं, आठला सगळे जेट्टीवर. एलिफंट बीचला बोटीनं वीसेक मिनिटं, मग तोंडानं श्वास घ्यायचा सराव, म्हणजे पावणेनऊला पाण्यात. तुमच्या खोलीतून निरोप आला की अजून आंघोळी व्हायच्यात. मग नाश्ता, मग जेट्टीवर फोटो. बोट नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटली. बाकीचे अठरा जण, त्यात सत्तरीचे नाना, तोवर उन्हात बसून होते. तेव्हा मी एका शब्दानं बोललो नाही.

आपण तापीकाठची माणसं, समुद्राची वेळ आपल्या अंगवळणी नसते, म्हणून सविस्तर लिहितो. भरती ओसरू लागली की पहिल्या तासात फारसं कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सगळ्यात वेगानं उतरतं. आपण दहाला उतरलो, तो नेमका तोच काळ. शिवाय भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पत्रकात ठरावीक वेळ छापता येत नाही.

साडेदहाला पाणी कमरेला आलं आणि दादा पायातल्या फिन्ससकट (पोहायच्या रबरी पंखांसकट) प्रवाळावर उभे राहिले. गाइडनं ओरडून त्यांचा हात ओढला आणि सगळ्यांना बाहेर बोलावलं. सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं, मान्य. पण "नुसते दगड तर होते" असं तुम्ही लिहिलंय. ते दगड नव्हते, ताई. बारीक जिवांची ती वसाहत असते. तसले गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, मोठ्या कढईएवढा गोळा व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत हे प्रवाळ आहेत. नव्या लावलेल्या केळीवरून कुणी चालत गेलं तर आपण बांधावरून हाक मारतोच ना? त्या गाइड पोराचं पोट त्याच पाण्यावर आहे.

त्याच अर्ध्या तासात नानांनी प्रवाळ कुरतडणारे पोपट मासे पाहिले, समुद्रफुलात लपणारे जोकर मासे पाहिले. वर येऊन म्हणाले, "पानीमा बगीचा शे रे भो!" नाना जन्मात पहिल्यांदा समुद्रात उतरले होते. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

पत्रकात "स्नॉर्कलिंग २ तास" असं छापलंय, त्यात बोट आणि सराव धरलेला आहे, हे स्पष्ट लिहायला हवं होतं. पुढच्या छपाईत बघतो. मास्कही नवे घेण्याचं चाललंय. तुमच्या मास्कच्या भाड्याचे पैसे आजच परत पाठवतो.

तुमचं वाचून जानेवारीच्या दोन कुटुंबांनी बुकिंग थांबवलंय. आमची वर्षाची कमाई याच दोन-तीन महिन्यांत होते. तारे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, फक्त "फसवणूक" तेवढं काढा, ही हात जोडून विनंती. दादांना नमस्कार सांगा.