कुत्र्यासाठी ‘अर्धी गोळी’ मागायला येऊ नका

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी ठरलेली. "दादा, कॉम्बिफ्लाम द्या ओ. टायगर कालपासून लंगडतोय." नाही म्हटलं की लगेच, "अहो, अर्धीच घालणार आहे!"

त्या अर्धीचाच हिशेब करू. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत इब्युप्रोफेन हे वेदनाशामक 400 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाने अख्खी घेतली तरी किलोमागे सातच्या आत. दहा किलोच्या गावठी कुत्र्याला अर्धी घातली की किलोमागे 20. अर्धी म्हणता म्हणता तिप्पट गेली! त्यात कुत्र्याच्या अंगात हे औषध पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि पुन्हा रक्तात शोषलं जातं. जठराच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याला जे सांभाळतं, तेच हे औषध बंद पाडतं. आधी उलट्या, मग डांबरासारखी काळी शी. शिवाय त्याच गोळीत पॅरासिटामॉल 325, ते यकृतावर. (मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. घरात मांजरं पोसणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

आपल्याकडे आणखी एक भानगड, गोचिडी. काजूच्या बागेत हिंडणारा कुत्रा गोचीडतापाने फणफणतो, सांधे दुखून लंगडतो आणि आपण पायात काटा शोधत बसतो. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात बघा, राखाडी टम्म फुगलेली सापडेल. या तापात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बहुतेकदा घसरलेल्या असतात. वरून इब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक हे तसलंच वेदनाशामक दिलं तर रक्तस्राव ओढवून घेतलाच म्हणायचा.

डायक्लोफिनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं संपायला आली, तेव्हा कुठे 2006 साली गुरांच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्याही 3 मिलीवर आणल्या. पट्टीतून कापून दिलेल्या गोळीला मात्र असा कुठलाच अडसर नाही, आणि आमच्या धंद्यातले काहीजण कोणासाठी हवी हे विचारतही नाहीत. याचा मला खरा राग येतो.

जनावरांचे डॉक्टर वेळेवर भेटत नाहीत, मान्य. गाय अडली म्हणून ते दुसऱ्या टोकाच्या वाडीत गेलेले असतात. पण साधं लंगडणं असेल तर पडवीत बांधून ठेवा, पाणी द्या, सकाळी दाखवा. गोळी आधीच घातली असेल तर मात्र सकाळपर्यंत थांबू नका, उलटीची वाट बघू नका आणि मिठाचं पाणी तर मुळीच पाजू नका. लगेच फोन करा. किती गोळ्या, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगा आणि जाताना पट्टी सोबत न्या.